न चिकटवलेलं पाकीट

रास अल खैमा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय बानू,

भाईचा सलाम. जुम्म्याची नमाज उरकून, दोन घास खाऊन खिडकीपाशी बसलोय. इथे आज तरी सगळे आपापल्या जागी आहेत. तुम्हीही तिकडे तसेच असाल अशी दुवा करतो. माझ्या गुडघ्याचं विचारशील, तर तो माझ्या आधी उठतो आणि माझ्यानंतर झोपतो. साखर ताब्यात आहे. हवा माणसात आली, आता दुपार सोडली तर बाहेर फिरता येतं. काल सुरमई आणली, किलोला चाळीस दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ हजार रुपये. हुमेरा म्हणाली, "अब्बा, मासळीबाजारातून आणली की सोनाराकडून?"

तुला वाटेल, खिशाखिशात फोन असताना भाईला पत्र कुठून सुचलं. तुझ्याकडे फोन म्हणजे स्पीकर, आणि स्पीकर म्हणजे अख्खा मोहल्ला. शिवाय फोनवर तुझ्याशी माझ्याने नीट बोलवत नाही, हे गेल्या तीन आठवड्यांत ध्यानात आलंय. तुझ्या तहाच्या खोलीवरचा उमर, आपल्या गावचाच, रविवारी सुट्टीवर निघतोय. त्याच्या हाती देतो. अक्षर वाकडं झालंय, चालवून घे. तुला अक्षरं मीच शिकवली होती, कोळशाने मागच्या दाराच्या फळीवर, आणि मी स्वतः चौथी नापास. तेव्हा माझ्या चुका तुला वाचता येतीलच.

आधी एक गोष्ट सांगतो. लहानपणी गोष्टीशिवाय तू ताटावर बसायची नाहीस.

आपली यम्ना यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिस्ट्रीत तिला मोठा निबंध लिहायचा आहे, स्वतः शोधून. मुलीने विषय काय निवडावा, तर स्कॉटलंडमधला पावणेसातशे वर्षांपूर्वीचा एक सरदार. विल्यम त्याचं नाव, सदरलँडचा अर्ल. मी विचारलं, अर्ल म्हणजे कोण गं?

"नोबलमन, नाना. लाइक, ही ओन्स ऑल द लँड."

"म्हणजे खोत."

"मच बिगर दॅन अ खोत."

"मग खोतांचा खोत."

"फाइन, नाना."

मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, असं आमचं रोज संध्याकाळी चालतं. सदरलँड म्हणजे दक्षिणेचा मुलूख, आणि तो आहे स्कॉटलंडच्या पार उत्तरेला. आणखी उत्तरेच्या बेटांवरून समुद्रमार्गे आलेल्या लोकांनी नाव ठेवलं, त्यांना तो दक्षिणेला पडायचा. माणूस कुठून बघतो त्यावर सगळं असतं. किनारा थंड, वारा खारा. थंडी सोडली तर आपल्याकडच्यासारखंच.

तर या विल्यमचं लग्न झालं राजाच्या बहिणीशी. मार्गारेट. राजा डेव्हिड तिचा सख्खा भाऊ. लग्नाला दोनतीन वर्षं होतात न होतात तोच मार्गारेट गेली, बहुतेक बाळंतपणात, पण पुस्तकांचं त्यावर एकमत नाही. मागे एक मुलगा राहिला, जॉन. त्याच सुमाराला राजा इंग्लंडशी लढायला गेला आणि पकडला गेला. अकरा वर्षं कैदेत. मग बोलणी झाली, की राजाला सोडतो, खंडणी हप्त्याहप्त्याने द्या, आणि ती फिटेपर्यंत तुमच्या मोठ्या घरांतले वीस मुलगे आमच्याकडे ओलीस ठेवा. त्या वीसांत हा जॉन. अकराबारा वर्षांचा असेल.

म्हणजे बघ बानू, मामा सुटला आणि मामासाठी भाचा गेला.

मी यम्नाला म्हटलं, बरं झालं त्याची आई आधीच गेली होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. माझं बोलणं ती निबंधात घालते की काय, अल्ला जाणे.

आता तहाचं. तहा बरा आहे. म्हणजे हात-पाय धड आहेत, खातो थोडं, नमाजेला माझ्याबरोबर येतो. पोलिसांनी सोडल्यापासून आमच्याकडेच आहे, कपडे घ्यायला तेवढा उम्म अल कुवैनच्या खोलीवर जातो. कोर्टाची तारीख सत्तावीस. ज्या माणसाला त्याच्या व्हॅनचा धक्का लागला, तो अजून शुद्धीवर नाही. मुलतानकडचा आहे, साठीचा. सायकलच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवून खोलीवर चालला होता. असरची वेळ, कलतं ऊन थेट डोळ्यांत, तहाला दिसलाच नाही म्हणतो. मी दर दोन दिवसांनी बघायला जातो. काचेतून बघायचं आणि परत यायचं. तहा बरोबर येतो, पण गाडीतून उतरत नाही. एकदा मी म्हटलं, चल, नुसता उभा राहा. म्हणाला, "मामू, त्याने डोळे उघडले आणि मला पाहिलं तर?" मी म्हटलं, डोळे उघडले तर आपण मिठाई वाटू. पण तो उतरला नाही.

तू त्याला पाठवलेला आवाजी मेसेज मी ऐकला. चोरून ऐकला नाही. तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता, फोन चादरीवर पडलेला, आणि त्यातून तुझा आवाज आला. तू म्हणत होतीस, "तू निघून ये. पोहोचल्यावर बघू. मामूचं काय, म्हातारा माणूस, त्याचा पासपोर्ट ठेवून ते काय लोणचं घालणार आहेत?"

मला राग आला नाही. खरंच नाही आला. लोणच्यावर तर हसू आलं.

बाकी पुढे लिहीन. यम्ना कागद मागते आहे, तिचा प्रिंटर बिघडलाय.

तुझा भाई,
हमीद


रविवार, १६ नोव्हेंबर

बानू,

उमरची सुट्टी कंपनीने बुधवारवर ढकलली, म्हणून पाकीट अजून माझ्या उशाखाली आहे. परवा लिहिलेलं काल वाचून पाहिलं. सुरमईचा भाव आहे, गुडघा आहे, स्कॉटलंडचा राजा आहे. जे सांगायला बसलो होतो ते कुठेच नाही. तेव्हा पुन्हा लिहायला बसतो.

काल असरनंतर मी खाडीवर गेलो, जिथे लाँची लागतात तिथे. तहा आठ दिवसांपासून त्या बाजूला फिरायला जातो, हे मला माहीत होतं. पोराच्या रक्तात समुद्र आहे, बाप तांडेल होता, बसू दे पाण्याकाठी, असं मी मनाला समजावत होतो. तिथे एका लाँचीवर कांद्याच्या गोणी चढत होत्या. चहाच्या टपरीवर एक कच्छी खलाशी बसलेला. सलाम झाला, कुठले, काय, झालं, तहाचा मामा म्हणून मी ओळख दिली. मग तो अगदी सहज म्हणाला, "चाचा, आपका भांजा बुध को आ रहा है ना हमारे साथ? उसको बोलना, फज्र के पहले. सामान कम लाए."

त्याला वाटलं मला ठाऊक आहे. मामाला ठाऊक नसेल असं त्याच्या मनातही आलं नाही. मी म्हटलं, इन्शाल्ला, बोल दूँगा. चहा अर्धा तसाच ठेवला. उठलो आणि घराची वाट धरली.

बुधवारी, फज्रच्या आधी, म्हणजे पहाटे अंधारातच. आधी मस्कतच्या बाजूला, तिथून आपल्या किनाऱ्याला दुसरी लाँच, हेही त्यानेच सांगितलं. ही व्यवस्था तुझ्या सासरच्या कोणीतरी लावली असणार, मी नाव विचारत नाही. तुला दोषही देत नाही. पोटचा मुलगा परक्या मुलखात तुरुंगाच्या दारात बसलाय म्हटल्यावर आई काय काय करणार नाही? मी तुझ्या जागी असतो तर होडी वल्हवत आलो असतो.

पण बानू, आता नीट ऐक.

मी तुला फोनवर सांगितलं होतं, "माझा पासपोर्ट जामीन ठेवलाय, काळजी करू नको." ते खोटं होतं. तिथे ठेवलाय तो हुमेराचा आहे.

लिहिलं.

कसं झालं ते सांगतो. तहाला धरल्यानंतर तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. इथे रीत अशी, की आरोपीचा पासपोर्ट तर ठेवतातच, शिवाय त्याच्यासाठी उभं राहणाऱ्याचाही ठेवून घेतात. उभं राहणारा सही करतो, की हा माणूस तारखेला नाही आला तर मला विचारा. मी ऐटीत गेलो. धुतलेला सदरा, अत्तर लावून. टेबलावर माझा पासपोर्ट ठेवला, जसा काही मी हुकमाचा एक्का टाकतोय. हवालदार चांगला माणूस, तरुण, हिंदी बोलणारा. त्याने पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, आप काम करते हो?"

"करता था. एकतीस साल. सिरॅमिक फॅक्टरी, साँचा विभाग."

"अभी?"

"अभी बेटी के पास."

"आप तो खुद बेटी के वीजा पे हो. आप किसी की गॅरंटी कैसे दोगे? कोई कामवाला लाओ, हबीबी."

एकतीस वर्षं मी या मुलखातल्या घराघरांत हात धुवायची भांडी बनवली, आणि माझी किंमत तीन वाक्यांत झाली. मी बाहेर आलो. हुमेरा गाडीत होती, एसी चालू, लॅपटॉप मांडीवर, ऑफिसच्या कोणाशी तरी बोलत होती. मी काच वाजवली. तिने काच खाली केली आणि माझं तोंड बघून फोन बंद केला.

मी म्हटलं, "हुमेरा, तुझा पासपोर्ट आहे का जवळ?"

तिला सगळं कळलं. तिने मांडीवरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "अब्बा, तो माझ्या एकटीचा नाहीये. त्यावर तुम्ही आहात, यम्ना आहे."

हे तिने रागाने नाही म्हटलं. हिशोबी मुलगी आहे, काय आहे ते सांगितलं. जावई सोडून गेला तेव्हापासून या घराचा तंबू तिच्या एका काठीवर उभा आहे. तिची नोकरी, तिचा व्हिसा, त्या व्हिसाच्या दोरीला एका बाजूने मी बांधलेला आणि दुसऱ्या बाजूने यम्ना. काठी पडली की तिघंही उघड्यावर. हे मला माहीत होतं. माहीत असून मी काच वाजवली. आणि बानू, मी आणखी एक गोष्ट केली ती कोणालाच सांगितलेली नाही. मी हात जोडले. बापाने लेकीपुढे, रस्त्यावर, पोलिसांच्या दारात हात जोडले. त्यानंतर तिला नाही म्हणायला जागा उरली नाही. मी ती जागा उरू दिली नाही.

तिने माझे हात धरून खाली केले. "खलास, अब्बा. चला." आत गेली, सही केली. बाहेर येताना एवढंच म्हणाली, "फुफीला सांगायचं नाही. तिची दुवा मला नको."

का नको, ते तुला माहीत असायला हवं. आठ वर्षांपूर्वी, आपल्या घरातल्या मोठ्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत तू तिला चार बायकांसमोर म्हणालीस, "जिला नवरा राखता आला नाही ती दुसऱ्यांना काय शिकवणार?" तू विसरली असशील. ती ताट तसंच ठेवून उठली होती.

तहाला सोडलं तेव्हा त्याने माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले. "मामू, तुमचा पासपोर्ट…" म्हणाला आणि पुढे रडला. मी गप्प राहिलो. मामा म्हणून मिरवायचा तो एक क्षण माझ्या हातून सुटला नाही. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा तेच गप्प राहणं मी बोलून दाखवलं. तेव्हा वाटलं, त्यात काय, तहा तारखेला हजर राहील, पासपोर्ट परत मिळेल, कोणाचा होता ते कोण विचारतंय.

आता तू आणि तहा दोघंही समजून चालला आहात, की मागे राहणार तो म्हातारा. त्याला कुठे जायचंय, त्याचं कोण काय करणार. तुमचा हिशोब चुकीचा नाही. मीच त्यात खोटा आकडा घातला.

तू म्हणशील, मग तहाला सांगून टाक ना, एका घरात तर आहात. कालपासून चार वेळा तोंड उघडलं. बानू, साच्याच्या कामात एक गोष्ट असते. मातीचं भांडं कच्चं असताना दिसायला अगदी निर्दोष असतं. आत तडा आहे की नाही, हे भट्टीतून निघाल्यावरच कळतं. मी त्याला सांगितलं, की तिथे तुझ्या हुमेराआपाचा पासपोर्ट आहे, आणि तरीही तो बुधवारी गेला, तर? मग तो कोण आहे ते मला कळेल. पोराला मी चालायला शिकवलंय. ते कळून घ्यायची माझ्यात हिंमत नाही.

आणि दुसरं, त्याहून वाईट. आज सकाळी मी पोलिसठाण्यापर्यंत चालत गेलो. फाटकापर्यंत. आत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की बुधवारी खाडीवर लक्ष ठेवा. माझी लेक वाचली असती. तोच तरुण हवालदार फाटकात होता, ओळखून म्हणाला, "बाबा, सब खैरियत?" मी म्हटलं, खैरियत. घराकडे वळलो आणि वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. दुकानदाराने पाणी दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

हुमेराला लाँचीचं काही माहीत नाही. यम्नाला नाही. घरात घाबरलेला मी एकटाच आहे, आणि सगळे मला विचारतात, गुडघा दुखतोय का.

भाई


मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळ

बानू,

काल संध्याकाळी जेवायला आम्ही चौघं होतो. हुमेराने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, कोळंबीचं कालवण. तहा ताटात बोटं फिरवत होता. हुमेराने आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकली, "खा रे, गळ्याची हाडं दिसायला लागली. फुफी म्हणेल आम्ही उपाशी ठेवला." आठ वर्षांत तिच्या तोंडून तुझं नाव रागाशिवाय मी पहिल्यांदा ऐकलं. मला ठसका लागला.

मग यम्नाने निबंध काढला. मी नको नको म्हणत होतो. तहाने विचारलं, "तुझ्या त्या अर्लचं काय झालं शेवटी?"

"अर्ल ठीक होता, तहामामू. द सन डाइड." मुलगी अशी सांगते, जसं बस चुकली.

राजाने दोनतीन हप्ते दिले आणि मग देणं थांबवलं. आपण सुटलो, संपलं. ओलीस होते ते तिकडेच राहिले. लिंकन नावाच्या गावात प्लेगची साथ आली आणि त्यात जॉन गेला. राजाला मूलबाळ नव्हतं, गादी या भाच्याला देणार असं लोक म्हणायचे. ज्याच्यासाठी गेला तो तिकडे राज्य करत होता आणि हा परक्या गावात पंधराव्या वर्षी मेला.

"पंधरा?" तहाने विचारलं.

"अराउंड फिफ्टीन. दे आर नॉट शुअर."

मी विचारलं, आणि बाप कुठे होता? यम्ना म्हणाली, करारात ओलीस म्हणून मोठ्या सरदारांचीही नावं होती, त्यात अर्ल विल्यमचं होतं. परवाना घेऊन तो आपल्या मुलखात जायचा आणि परत यायचा, असं एका पुस्तकात आहे.

तहा म्हणाला, "घरी पोहोचला की झालं. परत कशाला यायचं?"

"बिकॉज हिज सन वॉज देअर. आय थिंक." मग वही बंद करून म्हणाली, "देअर्स नो रेकॉर्ड ऑफ व्हॉट ही फेल्ट."

नोंद नाही. त्या अर्लचा किल्ला किती खोल्यांचा त्याची नोंद आहे, खंडणी किती त्याची आहे. बापाला काय वाटलं त्याची नाही. मी हात धुवायला उठलो आणि नळ सोडून उभा राहिलो. तेव्हा ठरलं.

आज तहा दुपारी उम्म अल कुवैनला जाणार आहे, खोलीवर. कपडे आणायला म्हणतो, आणि रात्री तिथेच झोपतो म्हणतो. मी काही विचारलं नाही. तो निघताना हे पाकीट मी त्याच्याच हाती देणार आहे. उमर उद्या दुपारपर्यंत रास अल खोरच्या गोदामात ड्युटीवर आहे, खोलीवर त्याआधी येणार नाही, विमान रात्रीचं. मी तहाला सांगणार, "बेटा, हे तुझ्या अम्मीचं पत्र. खोलीत ठेवून देऊ नकोस. उद्या उमर आला की त्याच्या हातात दे." आणि पाकीट चिकटवलेलं नाही. तुझा मुलगा आहे, लहानपणापासून बंद डबा उघडल्याशिवाय राहिला नाही. वाचणार.

तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून वाचायला दिलं. भित्र्याची युक्ती आहे, माहीत आहे मला. पण त्याला मी एकट्याची एक रात्र देतोय, माझं तोंड समोर नसताना. त्याला रडून अडवायचं नाही, हात जोडायचे नाहीत. ते एकदा केलं आणि त्याचं काय झालं ते मी बघतोय. त्यालाही एक परवाना असू दे. जायचं तर जा, यायचं तर ये.

हुमेरा ऑफिसला गेली. जाताना म्हणाली, "अब्बा, आज संध्याकाळी हॉस्पिटलला मी येते तुमच्यासोबत. त्या माणसाच्या मुलीला व्हिडिओवर दाखवू, ती रोज मेसेज करते." माझी लेक तिकडे मुलतानच्या मुलीशी बोलते, हे मला आज कळलं.

तहा, तू इथपर्यंत वाचलं असशील, तर तुझ्यासाठी एवढंच: मी पोलिसांच्या फाटकावरून परत आलो. हुमेराआपाला काही सांगितलेलं नाही. फज्रला मी खाडीवर येणार नाही. मी मशिदीत असेन, आपल्या नेहमीच्या खांबापाशी, बाजूला जागा ठेवून.

आणि बानू, आता तू. वाचायचं थांबव आणि वर बघ. पत्र तुला कोणी आणून दिलं?

उमरने दिलं असेल, आणि त्याला ते तहाच्या हातून मिळालं असेल, तर त्याला पाणी दे आणि लगेच इकडे फोन लाव. तहाला नको, हुमेराला लाव. स्पीकरवर लाव, मोहल्ला ऐकू दे. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. ताटावरून उठलेल्या माणसाला परत बसवायला काय म्हणतात, ते तुला येतं. सत्तावीसला आम्ही तिघं तहाच्या बरोबर कोर्टात उभे असू. तू तिथून दुवा कर, पहिली त्या मुलतानच्या माणसासाठी.

आणि समोर तहा स्वतः उभा असेल, दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास, तर त्याला ओरडू नकोस. आधी आंघोळीला पाणी दे, मग जेवायला घाल. दर्यावरून आलेल्या माणसाच्या पोटात काही टिकलेलं नसतं. तुझा मुलगा जिवंत घरी आला, त्याची शुक्रगुजारी कर, मीही करेन. इथे मग जे होईल ते होईल. फक्त मला फोन करू नका. काय सांगणार आहात, ते मला बुधवारी फज्रलाच कळलेलं असेल, बाजूच्या रिकाम्या जागेवरून.

आजवर प्रत्येक पत्राखाली तुझा भाई म्हणून सही केली. ती मी मागे घेत नाही. पण आज हुमेराने सही केलेल्या पोलिसांच्या त्या कागदावर माझं जे नातं लिहिलंय, तेच इथे लिहितो.

हमीद,
हुमेराचा बाप